बॅरीच्या नावावरचे तेवीस गोल

ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटात, एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटरांसमोर मी बावीस वर्षं काढली. त्या कामाचा पगार मिळाला, घर झालं, मुलगी शिकली. पण त्याविषयी लिहायला बसलो तर पान भरणार नाही. ज्या कामाविषयी आज लिहायचं आहे, त्याचा मला कुणी पगार दिला नाही. पेंडल हिलपासून जवळच एक लहानसा फुटबॉल क्लब आहे. त्याचा रजिस्ट्रार म्हणून मी एकोणीस सीझन काम केलं. क्लबचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे सगळे त्याला 'वीव्हर्स' म्हणतात, म्हणजे विणकर. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावातून आलेल्या कामगारांनी तो काढला. त्या गावातही असाच एक क्लब होता. टीव्हीवर कधी न दिसणारा, शनिवारी दोनअडीचशे माणसं कुंपणाला टेकून बघणार असा. त्याचेच चॉकलेटी-पांढऱ्या पट्ट्यांचे अकरा शर्ट एका ट्रंकेतून बोटीने इथे आले. आमच्या क्लबाचा इतिहास त्या ट्रंकेपासून सुरू होतो.

हे मला माहीत आहे, कारण साठ वर्षांचा इतिहास लिहायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं. मी तो लिहिला. गेल्या महिन्यात तो परत आला, आणि त्यातल्या दीड पानावर लाल फुली होती. बाजूला सध्याच्या प्रेसिडेंटने लिहिलं होतं, "लेट्स कीप इट पॉझिटिव्ह, मेट." ते दीड पान एका माणसाचं होतं. त्याच्या जागी जी एक ओळ ठेवायची असं ठरलं आहे, ती खोटी आहे. चीड त्याची आहे, आणि त्याहून जास्त चीड याची की ती ओळ मूळ माझ्याच अक्षरातली आहे.

रजिस्ट्रार म्हणजे काय ते सांगतो. खेळणाऱ्या प्रत्येकाचा फॉर्म भरून घ्यायचा, फोटो चिकटवून कार्ड बनवायचं, आणि दर शनिवारी मॅचच्या आधी टीमशीटवर नावं लिहून रेफरीच्या हातात द्यायची. टीमशीटवर ज्याचं नाव, तो खेळला. ज्याचं नाही तो मैदानात दीड तास धावून घामाघूम झाला तरी खेळला नाही. गोल कुणाचा, तेही त्याच कागदावर. काम किचकट, पण मला आवडायचं. डेरेक नावाच्या आमच्या एका लेफ्ट बॅकला स्वतःचा एकच फोटो पसंत होता, लग्नातला. त्याच्या कार्डावर पाच वर्षं बायकोच्या पांढऱ्या जाळीदार वेलचा एक कोपरा दिसायचा. मधल्या काळात बायको सोडून गेली तरी वेल राहिला. कुठल्याही रेफरीने हरकत घेतली तर मी पुढे होऊन बोलायचो. एकोणीस वर्षांत एकही टीमशीट माझ्या हातून उशिरा गेली नाही. हा अभिमान मला होता, आणि आता तो सांगतानाही लाज वाटते.

मी या कामात आलो ते मुलीमुळे. सई सहा वर्षांची असताना तिचं नाव घालायला गेलो, तर टेबलामागे केन बुटाच्या खोक्यात फॉर्म शोधत बसला होता. केन क्लबचा प्रेसिडेंट, ट्रंक घेऊन आलेल्या माणसांपैकी सर्वांत तरुण. तेव्हा साठीच्या पुढे. मी म्हटलं, याची एक्सेल शीट करून देऊ का? त्याने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"विनायक."

"विन," तो म्हणाला, "तुला नोकरी लागली."

तेव्हापासून मी विन. मी कधी दुरुस्त केलं नाही. 'एक्सेल'वाला पुणेकर, सगळ्यांशी जुळवून घेणारा.

जुनी रजिस्टरं वाचताना मला नंतर कळलं की ही तिथली रीतच होती. पहिल्या काही वर्षांत सगळी इंग्रज नावं. मग इटालियन, युगोस्लाव्ह कामगार आले, आणि वहीत दिसू लागले जो, टोनी, जॉर्ज. आडनाव नाही. तीन वेगवेगळे जो एकाच टीममध्ये: जो, बिग जो, न्यू जो. न्यू जो बारा वर्षं खेळला आणि शेवटपर्यंत न्यूच राहिला. हे वाचून मला हसू आलं होतं. रजिस्ट्रारच्या जागेवर आता मी आहे, माझ्या वहीत असं होणार नाही, असंही वाटलं होतं.

मग विद्यार्थ्यांची लाट आली.

त्या वर्षांत इथे आलेल्यांना सांगायला नको. पॅरामॅटात दुकानांच्या माळ्यावर रातोरात कॉलेजं उघडली. तीन शेगड्या मांडल्या की कुकरीचं कॉलेज, चार आरसे लावले की हेअरड्रेसिंगचं. कोर्स करा, पर्मनंट व्हा, असं गावोगावचे एजंट सांगत होते. पोरं येत होती. एका खोलीत सहासहा राहत होती. पेपरवाले या धंद्याला 'एज्युकेशन एक्सपोर्ट' म्हणायचे, लोकर आणि कोळशाच्या शेजारी आकडा छापायचे. आणि आम्ही? आम्ही स्किल्ड व्हिसावर आलेली पुण्यामुंबईची मंडळी. आमच्या गणपतीत, वरणभाताच्या रांगेत उभं राहून लोक म्हणायचे, "हे स्टुडंट लोक येऊन आपलं नाव खराब करताहेत." मी मान डोलवायचो. कुठलं नाव, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्याच वर्षी आमचा क्लब बुडायला आला होता. कौन्सिलचा नियम असा की मोठ्यांच्या तीन टीम असतील तर मैदान तुमचं. नाहीतर ते शेजारच्या रग्बीवाल्यांना जाणार. आमच्या दोन टीम जेमतेम उभ्या राहत होत्या. केनने स्टेशनजवळच्या भारतीय दुकानांत स्वतः जाऊन चिठ्ठ्या लावल्या: फुटबॉलर्स वॉन्टेड. पुढच्या मंगळवारी प्रॅक्टिसला चौदा जण हजर. पंजाबी, नेपाळी, हैदराबादी. आणि त्यांच्यातलाच एक जण चपला घालून आलेला, गोलच्या मागे उभा. सईने मला "बाबा" म्हणून हाक मारली तसा तो वळला.

"मराठी हाय न्हवं तुमी?"

"हो. कुठला तू?"

"कोल्हापूर. दत्ता."

मी पुण्याचा. जे तोंडात आलं ते बोललो. "मग कुस्तीवाला असशील."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "दादा, आमच्याकडं तालमींच्या फुटबॉल मॅचला जेवढं पब्लिक असतंय, तेवढं तुमच्या ह्या अख्ख्या लीगनं जन्मात बघितलं नसंल."

कोल्हापुरात पेठापेठांच्या तालीम मंडळांच्या फुटबॉल टीम आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे, आणि त्यापुढे पोरांना परीक्षाही दुय्यम वाटते, हे मला, महाराष्ट्रात जन्मून बत्तीस वर्षं राहिलेल्या माणसाला, ऑस्ट्रेलियात कळलं. त्याने कुणाचे तरी बूट उसने घेतले. पंधरा मिनिटांत केन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "हा पोरगा," तो हळूच म्हणाला, "आमच्या गावात असता तर गिरणीने त्याला खेळायला सुट्टी दिली असती."

फॉर्मवर एक प्रश्न असतो: यापूर्वी परदेशात कुठल्या क्लबकडे नोंदणी होती का? 'नाही' म्हटलं की काम दहा मिनिटांत होतं. 'होय' म्हटलं की त्या क्लबाचं ना-हरकत पत्र मागवायचं, ते वर लीगकडे पाठवायचं, आठवडे जातात. तेरा जणांनी 'नाही' म्हटलं. खरं किती, मी विचारलं नाही. दत्ताला मी म्हणालो, "तूही नाही लिही. लवकर होईल."

"तालमीकडनं पाच वर्सं खेळलोय की."

"अरे, इथे कोण बघतंय?"

"तालमीला न्हाई म्हणू?" तो खरंच घाबरला होता. "तात्या जीव घेतील माझा."

तात्या म्हणजे तालमीचे सेक्रेटरी, ज्यांनी त्याला दहाव्या वर्षी पकडून आणलं होतं. त्याने 'होय' वर खूण केली. चौदा जणांत खरं बोलला तो एकटा, आणि भोगलं त्याने एकट्याने. हे मला आजही गिळवत नाही.

शनिवारी पहिली मॅच होती. केन म्हणाला, "कागद येईपर्यंत त्याला बॅरीच्या नावावर खेळव." बॅरी हॅगट हा आमचा जुना खेळाडू, गुडघा गेल्यावर क्वीन्सलंडला राहायला गेलेला, त्याचं कार्ड अजून चालू होतं. असं सगळेच क्लब करत. समोरच्या टीमने कार्ड मागितलं तरच पंचाईत, आणि तेही तेच करत असल्यामुळे कुणी मागत नसे. मी टीमशीटवर लिहिलं: नऊ नंबर, बी. हॅगट. रेफरीने दत्ताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "उन्हात बराच राहिलास वाटतं, बॅरी," तो म्हणाला. सगळे हसले. दत्ताला इंग्रजी उशिरा कळायचं; तोही थोडा नंतर हसला.

त्या दिवशी त्याने तीन गोल केले. तिन्ही बॅरीच्या नावावर.

जूनमध्ये पत्र आलं. क्लबच्या पत्त्यावर, तालमीच्या लेटरहेडवर, गोल शिक्का मारलेलं. पत्र मराठीत होतं, कारण दत्ताने तात्यांना सांगितलं होतं की रजिस्ट्रार आपलाच माणूस आहे. मला त्याचं इंग्रजी करून पुढे पाठवायचं होतं. अर्ध्या तासाचं काम.

मी ते केलं नाही. तोपर्यंत बॅरीच्या नावावर अकरा गोल झाले होते. मध्येच दत्ताचं नाव आलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की मग इतके दिवस नऊ नंबर कोण होता. पॉइंट गेले असते, तिसरी टीम गेली असती, मैदान गेलं असतं. रजिस्ट्रार म्हणून माझ्यावर बंदी आली असती. हे सगळं खरं आहे. पण मी केनलाही विचारलं नाही. पत्र फाइलमध्ये ठेवलं, आणि त्या मंगळवारी दत्ताने "दादा, आलं का ओ?" असं विचारल्यावर म्हणालो, "नाही आलं अजून."

"तात्या म्हणले, पाठवलंय."

"पोस्टात अडकलं असेल. नाहीतर विसरले असतील."

'विसरले असतील' हे बोलायची काहीच गरज नव्हती. मी ते बोललो.

पुढचा सीझन, त्याच्या पुढचाही. तो विचारत गेला, मी नाही म्हणत गेलो, मग त्याने विचारायचं बंद केलं. दुसऱ्या वर्षी त्याने तेवीस गोल केले. क्लबच्या इतिहासात एका सीझनमध्ये कुणीही केलेले सर्वांत जास्त. शेवटच्या मॅचमध्ये, मॅच बरोबरीत असताना, डाव्या पायाने इतक्या लांबून मारला की बाकावरचा केन उठून उभा राहिला आणि चहा स्वतःच्या बुटांवर सांडला. त्या गोलाने तिसरी टीम लीगमध्ये टिकली, आणि म्हणून मैदान टिकलं. आज तिथे जी पोरं खेळतात, ती त्या गोलावर खेळतात. बक्षीस समारंभात केनने पुकारलं, "टॉप स्कोअरर, बॅरी हॅगट!" आणि दत्ता उठून गेला. टाळ्या, शिट्ट्या, हशा. कपावर नाव कोरलेलं होतं. कोरायला यादी मी दिली होती. घरी पाठवायला त्याने माझ्याकडूनच फोटो काढून घेतला. "थांबा दादा," म्हणाला, आणि नावावर अंगठा ठेवला. "हां. आता काढा."

मी काढला.

शनिवारी सकाळी तो लहान मुलींना शिकवायचा, सईच्या टीमला. त्याही त्याला बॅरी म्हणायच्या. परवा मी सईला म्हटलं, दत्ताविषयी लिहितोय. ती आता चोवीस वर्षांची. "हू'ज दत्ता?" तिने विचारलं. मग, "ओ, कोच बॅरी! ही वॉज द बेस्ट. त्याचं नाव बॅरी नव्हतं?"

तिसऱ्या सीझननंतर त्याचं कुकरीचं कॉलेज बंद पडलं. एका सोमवारी पोरं गेली तर दाराला कुलूप. त्याच सुमारास नियम बदलले. काल ज्या कोर्सने कायमचं राहता येत होतं, त्याला आज किंमत उरली नाही. ज्यांनी ही कॉलेजं चालवली ते गाड्या बदलत राहिले. ज्यांनी परवाने दिले त्यांनी चौकश्या नेमल्या. पोरांच्या हातात उरला एक अर्ज: राहू द्या. दत्ताच्या वकिलाने सांगितलं की इथल्या समाजाशी नातं आहे असं दाखवणारी पत्रं जोडा. तो माझ्या ऑफिसात आला. पॅरामॅटाच्या त्या काचेच्या इमारतीत, खाली लॉबीत, इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"दादा, क्लबाचं एक पत्र पायजे. तीन वर्सं खेळलो, पोरींना शिकवलं, एवढंच."

क्लबाचं पत्र म्हणजे सही-शिक्क्याचा पुरावा की तीन वर्षं आम्ही खोटं नाव खेळवलं. माझ्याच ऑफिसचे लोक लिफ्टकडे जात होते, आणि मी आवाज खाली आणून म्हणालो, "दत्ता, रेकॉर्डला तू नाहीस रे. तालमीचं पत्रच आलं नाही ना. मी तरी काय करू?"

तो म्हणाला, "व्हय. तुमी तरी काय करणार. तात्यांनीच मान कापली माझी." आणि जाताना माझे आभार मानून गेला.

दोन महिन्यांनी तो परत गेला. त्या पत्राने काही झालं असतं का? बहुधा नसतं. हे मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, आणि त्याचा काही उपयोग होत नाही. केनवर राग काढावा म्हणून गेल्या वर्षी त्याला भेटायला गेलो. तो आता वृद्धाश्रमात आहे, ब्याऐंशीचा. मी म्हणालो, त्या पोराला आपण पत्र दिलं नाही. "कुठलं पत्र?" केन म्हणाला. "मला कुणी मागितलंच नाही. मी सही केली असती, विन. पॉइंटांचं काय घेऊन बसलास?" आणि तेही खरं असावं.

तर त्या दीड पानात मी हे सगळं लिहिलं होतं. त्याच्या जागी राहणारी ओळ अशी: एका सीझनमध्ये सर्वांत जास्त गोल, बी. हॅगट, तेवीस. प्रेसिडेंटचं म्हणणं, बॅरीची मुलं समारंभाला येणार आहेत, वडिलांचा विक्रम ऐकायला. बॅरी गेल्या वर्षी वारला. मी म्हणालो, बॅरीने तो विक्रम केलेला नाही. तो म्हणाला, "मेट, इट्स जस्ट अ नेम." जस्ट अ नेम! ज्याचं नाव स्पॉन्सर म्हणून आमच्या शर्टावर, ऑफिसच्या दारावर आणि घरं विकायच्या पाट्यांवर फोटोसकट झळकतं, त्याने हे म्हणावं. मी रजिस्टरं परत केली आणि राजीनामा दिला. इतिहासावर माझं नाव छापू नका, असंही सांगितलं. ते त्यांनी लगेच मान्य केलं.

हे छापायच्या आधी दत्ताला विचारणं भाग होतं. नंबर मिळवायला तीन आठवडे लागले. त्याची आता कोल्हापुरात खानावळ आहे. कुकरी शेवटी कामाला आली, असं तोच म्हणाला आणि हसला.

"माझं नाव छापताय? छापा की. पण बॅरी बी ऱ्हाऊ द्या कंसात. दोस्त लोक अजून बॅरीच म्हणत्यात. कपावर नाव हाय न्हवं."

मग मी सांगितलं. पत्र आलं होतं, जूनमध्येच, पहिल्याच वर्षी. मी लपवलं.

फोनवर मागे खानावळीतल्या भांड्यांचे आवाज येत होते.

"आलं हुतं?" तो म्हणाला.

"हो."

"मी आल्यावर तात्यांशी बोललो न्हाई, दादा. सात वर्सं. ते म्हणायचे, पाठवलंय रे, रजिस्टर पोस्टानं पाठवलंय. मी चारचौघांत म्हटलं, खोटं बोलताय. तालमीची पायरी चढलो न्हाई. ते गेले तवा खांदा द्यायला गेलो, तर त्यांच्या पोरानं मला बाजूला केलं."

मी माफी मागितली, ती त्याने ऐकली की नाही कळलं नाही.

"एक काम करा," तो शेवटी म्हणाला. "गोलांचं काय लिवायचं ते लिवा. पण तात्यांनी पत्र पाठवलं हुतं, हे लिवा. मराठीत. तालमीत दिवाळी अंक येत्यात, सगळे वाचत्यात. त्यांचा पोरगा बी वाचतो."

म्हणून हे इथे, मराठीत. पत्र माझ्यासमोर आहे. त्यातला मजकूर उतरवून देतो:

"आमच्या तालमीचा खेळाडू दत्तात्रय महादेव शेळके यास आपल्याकडून खेळण्यास आमची काहीएक हरकत नाही. पोरगा आम्ही लहानाचा मोठा केला आहे. डाव्या पायाने चांगला मारतो. रागावला तर थोडा वेळ बोलू नये, आपोआप शांत होतो. आपण मराठी आहात असे समजले, काळजी मिटली. तरी त्याचे नाव आपल्या वहीत पूर्ण लिहावे, वडिलांच्या नावासकट."

हे पत्र तालमीच्या तात्यांनी रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं. ते वेळेवर पोचलं. पोस्टमनच्या कागदावर सही माझी आहे.